ओट्यावरून भिलाटी दिसत नाही

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडे बाजार भरला होता. बाजारात आलेल्या पाच परक्या माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून. ते पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी होते. बहुतेक मूळचे सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे.

पुढचे पंधरा दिवस सगळ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपला शिव्या घातल्या. त्या खोट्या नव्हत्या. पण ती अफवा त्या वर्षी देशभर फिरत होती आणि सगळीकडे माणसं मेली नाहीत. मला तेव्हापासून एकच गोष्ट खुपते आहे. त्या बाजारात, त्या गर्दीत, ‘अरे, हे गोसावी आहेत, यांचा धंदाच हा’ असं ठामपणे सांगणारा आवाज ऐकू आला नाही. सपाटीवरच्या गावगाड्यात वासुदेव, गोसावी, नंदीबैलवाला यांना जागा असायची. हलकी असायची, पण ठरलेली. आमच्या आजीला गोसाव्याची झोळी लांबून कळायची. साक्रीच्या डोंगरपट्ट्यातले कोकणा-भिल्लांचे पाडे त्या गावगाड्यात कधी बसलेच नव्हते. म्हणजे मरणारे आणि मारणारे, दोघंही आपल्या समाजाच्या कडेला राहणारे, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही. ती करून देण्याचं काम मधल्यांचं होतं, म्हणजे आमचं. आम्हालाच दोघांची ओळख नव्हती.

आमच्या गल्लीत ही बातमी कशी वाचली गेली तेही सांगते. ‘जंगलातले लोक, तसेच असतात’ असं एक सुशिक्षित गृहस्थ म्हणाले. त्याच आठवड्यात जुन्या कपड्यांवर भांडी विकणाऱ्या एका बाईला आमच्याच पोरांनी घेरून आधार कार्ड मागितलं होतं.

तर मुद्दा असा की, वेगळ्या माणसांना ओळखायचं कसं, हे शिकावं लागतं. ते आपोआप येत नाही, आणि ‘विविधतेत एकता’ भिंतीवर रंगवूनही येत नाही. ते शिकवणारं एक शास्त्र आहे. त्याला आपण मानववंशशास्त्र म्हणतो. (या नावातला ‘वंश’ मला खटकतो. नुसतं मानवशास्त्र पुरलं असतं.) खानदेशात हा विषय कोण वाचतं, तर कलेक्टर व्हायला निघालेली मुलं. वैकल्पिक विषय म्हणून घेतात, गुण चांगले पडतात म्हणे. त्यांच्या खोलीबाहेर तो येतच नाही.

त्याऐवजी आपल्याकडे येतो तो ९ ऑगस्टचा कार्यक्रम. जागतिक आदिवासी दिन. शाळेच्या पटांगणात मोरपिसांचे टोप घातलेली मुलं, कमरेला भोपळे, अंगावर पांढरे ठिपके, लाऊडस्पीकरवर ढोल. पाहुणे मोबाइल काढतात. हा वेश ज्यानं मुळात अंगावर चढवायचा, तो अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीतला ‘बुध्या’. तो आधी काही दिवस पालनी करतो. खाटेवर बसत नाही, जमिनीवर झोपतो, ब्रह्मचर्य पाळतो. सोंग नव्हे ते, नवस आहे. नवरात्रात अनवाणी सप्तशृंगीला चालत जाणाऱ्या आमच्या शेजाऱ्यात आणि त्याच्यात मला काही फरक दिसत नाही. पण कल्पना करा, त्या शेजाऱ्याला कुणी ऑगस्टमध्ये स्टेजवर चढवलं, ‘आता हे आपल्याला अनवाणी चालून दाखवतील’ असं जाहीर केलं, तर? आणि गंमत म्हणजे एका आश्रमशाळेत, जिथं हा नाच गॅदरिंगला हमखास असतो, होळीच्या आठवड्यात घरी गेलेल्या मुलांवर ‘विनाकारण गैरहजर’ असा शेरा मी हजेरीपटावर स्वतः पाहिला आहे. नाच हवा, पालनी नको.

भोंगऱ्याचंही तसंच. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्याच्या पट्ट्यात गावोगाव भरणारा हा बाजार. गूळ, डाळ्या, खजूर, हार-कंगन, नवे कपडे, ढोलाला लागणारं सामान, अशी होळीची खरेदी. दरवर्षी कुठल्यातरी वर्तमानपत्रात छापून येतं की, इथं मुलं-मुली जोडीदार निवडतात आणि पळून जातात. ‘प्रणयोत्सव’ हा शब्द ठरलेला. तिथल्या पावरा-बारेला आदिवासी जमातींतले तरुण वर्षानुवर्षं सांगताहेत की हा बाजार आहे हो, बाजार. आता बाजारात कुणाचं कुणावर मन बसत नाही असं नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातही बसत असेल. पण तिथल्या दत्तजयंतीच्या यात्रेला कुणी प्रणयोत्सव म्हणत नाही.

मानवशास्त्राची पहिली शिस्त इथंच कामाला येते. विचित्र वाटलं की थांबायचं आणि विचारायचं, याचं त्या घरात काम काय? उत्तर पाहुण्यासारखं तासाभरात घ्यायचं नाही, राहून घ्यायचं. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञ पॅसिफिकमधल्या ट्रोब्रिआंड बेटांवर तंबू ठोकून राहिला, तिथली भाषा शिकला, आणि तेव्हापासून व्हरांड्यात बसून माणसं बोलावून घेऊन त्यांची माहिती लिहिणं हे अभ्यासकांत कमीपणाचं झालं. आमच्याकडे व्हरांड्याला ओटा म्हणतात, आणि आम्ही अजून त्यावरच बसलो आहोत.

मराठी माणसाला यासाठी बेटापर्यंत जायचीही गरज नाही. इरावती कर्वे आहेत. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठतेच्या मांडणीतलं मोठं नाव. त्या मांडणीचा पुढे नाझींनी आधार घेतला. बाईंना काम दिलं कवट्यांचं, डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजायचं. अपेक्षा अशी की गोऱ्यांची कवटी वेगळी निघेल. बाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की वंशाचा आणि या फरकाचा संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून त्या माणसासमोर. (पुढे महाराष्ट्रात त्यांनीही डोकी मोजलीच, पुष्कळ वर्षं. शास्त्राची सवय एका प्रबंधानं सुटत नाही.)

पण मला त्यांची खरी देणगी वाटते ती नात्यांची. १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवर त्यांचा ग्रंथ आला. उत्तरेत चुलत, मामे, आते सगळी भावंडंच, लग्न म्हणजे पाप. दक्षिणेत मामाशी, आतेभावाशी लग्न म्हणजे उत्तम स्थळ. महाराष्ट्र मधे. इथं अनेक जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र नको. आता हे नकाशावर ठेवून बघा. रावेरहून गाडीत बसलं की तासाभराच्या आत बऱ्हाणपूर. माझ्या एका मैत्रिणीनं आतेभावाशी लग्न केलं. तिच्या नवऱ्याच्या बऱ्हाणपूरकडच्या सहकाऱ्याला हे कळलं तेव्हा त्याच्या हातातला कप हलला, असं ती सांगते. तो घरी जाऊन बायकोला म्हणाला असणार, ‘ये लोग तो...’ आणि आमची मंडळी हैदराबादच्या मामा-भाचीच्या लग्नाबद्दल नेमकं तेच म्हणतात. तासाभराच्या रेल्वेत पाप बदलतं. न बदलणारी गोष्ट एवढीच की कुणाशी लग्न चालतं आणि कुणाशी नाही, याचा नियम प्रत्येकाकडे असतो आणि प्रत्येकाला आपलाच नियम निसर्गाचा वाटतो. माणूस म्हणून आपलं साम्य शोधायचं तर ते या सवयीत आहे. सगळ्यांचं रक्त लाल असतं, हे वाक्य मला फार आळशी वाटतं.

आता दुसरी शिस्त. ही जड जाते. तोच प्रश्न स्वतःच्या घराला विचारायचा.

तापीकाठी आमचं घर. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोन गोष्टी एकाच सकाळी व्हायच्या. आत आजी पितरांची घागर भरायची. नवी मातीची घागर, त्यावर लहान मडकं, वर खरबूज, पुढ्यात सांजोऱ्या आणि आमरस. आणि बाहेर ओट्यावर आजोबा सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याचा, हिशोब करायचे. खानदेशात सालदाराचं साल अखाजी ते अखाजी. वर्षाचे ठरलेले किती, उचल किती घेतली, खाडे किती, मग बाकी किती आणि पुढच्या सालाला राहायचं का. सालदार खाली अंगणात उकिडवा बसलेला. हिशोब झाला की त्याला चहा. त्याचा कप गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा, दांडी तुटलेला, निळ्या फुलाचा. तो स्वतः काढायचा, पिऊन स्वतः धुऊन परत ठेवायचा. मी दहा वर्षांची असताना त्या पन्नाशीच्या माणसाला ‘अरे, इकडे ये’ म्हणायची. तो मला ‘ताई’ म्हणायचा. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं, मला तर नाहीच. मी त्या घरात मोठी झाले, आणि त्या कपाबद्दल मला पहिला प्रश्न पडला तो कॉलेजात, तोही पुस्तक वाचून. अंगणात रोज दिसत होता तो.

संध्याकाळी तो घरी जायचा, भिलाटीत, म्हणजे भिल्लांच्या वस्तीत. गावाच्या त्या टोकाला, ओढ्यापलीकडे. आमच्या ओट्यावरून भिलाटी दिसत नाही. खूप वर्षांनी, दुसऱ्याच एका भिलाटीत, मी एका म्हाताऱ्याला मोहाची दारू प्यायच्या आधी दोन थेंब जमिनीवर सांडताना पाहिलं. कशाला, विचारलं. ‘मोठ्यांना’, म्हणाला. मेलेल्यांना. मला आजीची घागर आठवली. आम्ही पाणी देतो, ते दारू देतात. आम्ही वर्षातून एकदा, ते प्रत्येक वेळी. जास्त कृतघ्न कोण?

आणखी एक मौज. आम्ही अहिराणी बोलणारे स्वतःला भिल्लांपासून फार लांब समजतो. ग्रिअर्सन या इंग्रजी अमदानीतल्या अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा खानदेशी कुठं टाकली? नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, भिल्ल भाषांच्या सोबत, बंजाऱ्यांच्या लभाणीच्या शेजारी. वर्गीकरणावर नंतर भाषाशास्त्रज्ञ भांडले, भांडोत. पण गावात ओढ्याच्या दोन तीरांवर राहणाऱ्या दोन बोली छापील पुस्तकात एका पुठ्ठ्यात बांधल्या गेल्या, याचा मला आनंद आहे.

आणि तो ‘अरे’. तो शब्द माझा पाठलाग सोडत नाही. सातपुड्यात म्हातारी माणसं साहेबालाही ‘तू’ म्हणतात. त्यांच्या बोलीत ते सहज आहे, आईलाही तू, देवालाही तू. एका तालुक्याच्या कचेरीत मी रांगेत उभी होते. पुढच्या आजोबांनी खिडकीतल्या बाबूला विचारलं, ‘तू कागद कधी देशील?’ बाबू भडकला. ‘नीट बोल. साहेब म्हण.’ आजोबांना काय चुकलं ते कळलंच नाही. त्यांनी तोच प्रश्न तितक्याच सौम्यपणे पुन्हा विचारला, त्याच ‘तू’नं. बाबू त्या सगळ्या वेळात त्यांना अरे-तुरेच करत होता. एकच शब्द. खिडकीच्या बाहेरून आत जाताना तो बरोबरीचा होता, आतून बाहेर येताना मालकीचा. बाबूला हा फरक कुणी शिकवला असता, तर आजोबांचा कागद त्या दिवशी निघाला असता. मानवशास्त्राचा उपयोग काय, असं विचारणाऱ्यांना मी हा कागद दाखवते.

हे दुखणं तिथल्या लोकांनी फार आधी ओळखलं होतं. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी भिल्लांमध्ये मोठी चळवळ उभी केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, आरतीला या, आणि एकमेकांना ‘आप’ म्हणा. भेटलं की ‘आप की जय’. ज्यांना सगळं जग अरे म्हणत होतं, त्यांनी आपसात ‘आप’ सुरू केलं. प्रतिष्ठा देण्याचा अर्ज त्यांनी कुणाकडे केला नाही. १९७२ मध्ये शहाद्यात श्रमिक संघटना झाली, सालदारांचे आणि गेलेल्या जमिनींचे प्रश्न रस्त्यावर आले. त्यामुळे मला हेही कबूल आहे की नुसत्या समजुतीनं भागत नाही. कोनाड्यातला कप माझ्या आजोबांना कुणी समजावून सांगितला असता तर त्यांनी कदाचित मान डोलावली असती. साल मात्र तेवढ्याच रुपयांत ठरवलं असतं.

या शास्त्राविरुद्ध दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, हे साहेबाचं शास्त्र आहे. आहेच. १८७१ साल घ्या. त्या वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड टायलर या मानवशास्त्रज्ञानं संस्कृतीची ती प्रसिद्ध व्याख्या छापली. ज्ञान, श्रद्धा, कला, नीती, कायदा, चालीरीती, म्हणजे माणूस समाजाचा घटक म्हणून जे जे मिळवतो ते सगळं. आणि त्याच १८७१ साली इथं गुन्हेगार जमातींचा कायदा आला, जो सांगत होता की काही माणसं जन्मतःच चोर असतात. तिकडे सवयी शिकून येतात म्हणायचं, इकडे पाळण्यातल्या पोराला गुन्हेगार ठरवायचं. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला आणि ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत टिकला. पारध्याच्या पालावर आजही पोलीस आधी का जातात, याचं उत्तर तिथं आहे. त्या काळचे जमातींचे जाडजूड ग्रंथ मोजपट्टी घेऊन लिहिले गेले आणि ते वाचताना अंगावर काटा येतो. पण म्हणून हत्यार टाकून द्यायचं नसतं. ते ज्यांच्यावर चालवलं त्यांच्या हातात द्यायचं. पावरा मुलींनी आमच्या हळदी-कुंकवाचा अभ्यास करावा. विधवेला दारातून परत का पाठवता, याची टिपणं काढावीत. मला वाचायला आवडेल.

दुसरा आक्षेप, मग काय सगळ्यांचं सगळं चांगलंच म्हणायचं? नाही. सातपुड्यात अजून बाईला डाकीण ठरवून मारझोड होते, जीव जातात. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तिथं लावलाच पाहिजे. पण कायद्यानं आरोपी सापडतो, पुढची डाकीण वाचत नाही. त्यासाठी पाहावं लागतं की बोट नेहमी कुणाकडे जातं. एकटी बाई. तिच्या नावावरचा तुकडा. पाड्यावर ताप आला आणि दवाखाना डोंगरापलीकडे. हे कळलं की उपाय बदलतो. नुसतं ‘अंधश्रद्धाळू आहेत’ म्हटलं तर सातबारा बघायचं राहून जातं. समजून घेणं आणि माफ करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोलीस तपासात आपण हे सहज मान्य करतो, चालीरीतींच्या बाबतीतच गोंधळतो. देज घ्या. पावऱ्यांत आणि भिल्लांत मुलाकडचे मुलीच्या बापाला देज देतात. शहरातून गेलेले उत्साही लोक त्याला स्त्रीचा सन्मान म्हणतात. सन्मान थोडा आहे, कारण मुलीचे शेतातले दोन हात घरातून जातात याची ती कबुली आहे. पण तेच देज फेडायला पोरगा गुजरातेत ऊसतोडीला जातो, आणि सासरी छळ झाला तरी बाप मुलीला परत घ्यायला कचरतो, कारण देज परत द्यावं लागेल. दोन्ही खरं आहे. एवढं गुंतागुंतीचं बोलायची आपल्याला सवय हवी.

चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या परिसरात पाटणे गाव आहे. साळी या पुरातत्त्वज्ञांनी १९७० च्या दशकात तिथं उत्खनन केलं. शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली. सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची. त्यातल्या एकावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली, आणि कवचाचे मणीही. शहामृग, खानदेशात! मी लहानपणापासून पाटणादेवीला जाते, नैवेद्य दाखवते, भास्कराचार्यांचं नाव ऐकते. या मण्यांबद्दल मला तिथं कुणी सांगितलं नव्हतं. ते कवच फोडून, घासून, भोक पाडून मणी करणारा माणूस पाटील नव्हता, भिल्ल नव्हता, गोसावी नव्हता. पोट भरायला मणी लागत नाही. तरी त्यानं केला, कुणाच्यातरी गळ्यासाठी. अशाच कवचाचे मणी आफ्रिकेतही सापडतात, याहून जुने.

मग करायचं काय? मोठी योजना नको. नववीच्या मुलांना दिवाळीत प्रकल्प असतोच, थर्मोकोलचा ज्वालामुखी होतो. त्याऐवजी प्रत्येकानं आपल्या नसलेल्या वस्तीतल्या एका घराची चूल, लग्न आणि मयत यांबद्दल विचारून लिहावं, आणि तेच प्रश्न स्वतःच्या आजीला विचारावेत. धडगाव-अक्कलकुव्यात बदली झालेल्या ग्रामसेवकाला, नर्सबाईला, मास्तरला रुजू होताना महिनाभर तिथली बोली शिकवावी, पगारी. वर्षानुवर्षं त्या बदलीला ‘शिक्षा’ म्हणणाऱ्या व्यवस्थेला हे हसू येईल, मला ठाऊक आहे. राईनपाड्यानंतर मला हसू येत नाही.

मीही उशिराच सुरुवात केली. गेल्या भोंगऱ्याला धडगावकडे गेले होते, वही घेऊन. हार-कंगन विकणाऱ्या एका म्हाताऱ्या पावरा बाईजवळ बसले. तिची नात कॉलेजात होती, ती दोन्ही बोली सांभाळत होती. मी देजाबद्दल विचारत होते. किती, कुणासमोर ठरतं, दारू कोण आणतं. बाई हसत उत्तरं देत होती. मग तिनंच विचारलं, ‘तुझ्या बापानं तुझे किती घेतले?’

मी म्हटलं, घेतले नाहीत. दिले. आमच्यात मुलीकडचे देतात.

नातीनं सांगितलं. बाईला पटेना, तिनं पुन्हा विचारून घेतलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं, हाताकडे, पायाकडे, डोळ्यांकडे. शेजारच्या दोघींना हाक मारली आणि त्यांच्यासमोर काहीतरी विचारलं. नात सांगायला तयार होईना. मी फार आग्रह केला तेव्हा म्हणाली, ‘ती विचारते, दिले? का, तुझ्यात काय खोट होती?’

तिघी माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. वही माझ्या मांडीवर उघडीच होती.